काचेवर राहिलेलं पान

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवणार नाही. घरात झुरळ निघालं तर बायको चप्पल घेते आणि मी स्टूल घेतो. नालासोपाऱ्यातल्या एका खाजगी शाळेत मी मराठी शिकवतो. तिथली पोरं मला घाबरत नाहीत, आणि मी मात्र त्यांच्या पालकांना घाबरतो.

अशा माणसाची आणि पेंटरची गाठ पडायला नको होती. पण मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या अंगावरच येत होता.

भर दुपार होती. मी पुलाच्या उतारावरून खाली चाललो होतो. मागून घरघर ऐकू आली म्हणून वळलो, तर पन्नाशीचा एक दाढीवाला माणूस चार चाकांच्या फळीवर उभा राहून सुसाट खाली येत होता. एका हातात रंगाचा डबा, दातांत ब्रश. अशा वेळी शहाणा माणूस बाजूला होतो. मी डोळे मिटले आणि छत्री उघडली. तो कसा कोण जाणे मला वळसा घालून पुढे गेला, टाच घासून थांबला आणि ब्रश तोंडातून काढून म्हणाला, "छत्री मिट मास्तर, वारा भरेल."

"मी मास्तर आहे हे कसं ओळखलंत?"

"चष्मा, छत्री आनि भीती. तिन्ही एकत्र दिसली की मास्तरच असतो."

तो मिठागराकडच्या जुन्या गावातला. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आल्यावर पाट्या संपल्या, तेव्हा त्याने लोकांनी उतरवून टाकलेल्या जुन्या पाट्या गोळा केल्या आणि कापून त्यांचे स्केटबोर्ड केले. चाकं कुठल्याशा कारखान्याच्या भंगारातली. त्याचा लाडका बोर्ड एका गिरणीच्या पाटीतून निघाला होता. मूळ पाटीवर 'दळण त्वरित मिळेल' असं होतं. कापल्यावर 'त्वरित मिळेल' एवढंच उरलं. पेंटर उडी मारायचा, बोर्ड हवेत उलटा व्हायचा आणि क्षणभर लाल अक्षरांत वाचता यायचं: त्वरित मिळेल. काय मिळेल ते प्रत्येक वेळी रस्त्यावर कळायचं. त्याच्या अंगावर शाबूत म्हणावा असा सांधा नव्हता. पुढचा एक दात वसईच्या किल्ल्यात पडला होता आणि दुसरा एव्हरशाईन कॉलनीच्या रस्त्यावर, आणि ही दोन्ही ठिकाणं तो पाहुण्यांना दाखवायचा.

हा माणूस लिफ्टला घाबरायचा. सातव्या मजल्यावर पाटी लावायची असली तरी शिडी खांद्यावर घेऊन जिना चढायचा. मी एकदा हसलो. तर म्हणाला, "फळीवर पडलो तर मी पडलो. लिफ्टमंदी दार कोनाच्या हातात असतं, सांग."

स्केटबोर्ड ही त्याची अर्धीच भानगड. उरलेली अर्धी म्हणजे तो स्वतः काढायचा तो कथाकवितांचा अंक.

त्याच्या अंकाला नाव नव्हतं. मुखपृष्ठावर फक्त एक काळा पट्टा: बोर्डाचं चाक रंगात बुडवून प्रत्येक प्रतीवरून एकदा फिरवलेलं. चाळीस प्रती, झेरॉक्स काढलेल्या. लेखकांची नावं नाहीत, संपादकाचं नाही, पत्ता नाही. फळीवर उभा राहून तो अंक वाटत फिरायचा. एक न्हाव्याच्या दुकानातल्या जुन्या मासिकांत, एक दवाखान्याच्या बाकावर, एक उभ्या रिक्षाच्या मागच्या सीटवर. नियम दोनच. अंक तीन दिवसांपेक्षा जास्त जवळ ठेवायचा नाही, पुढे द्यायचा. आणि शेवटचं पान कोरं असायचं, त्यावर वाचणाऱ्याने काहीतरी लिहायचं. वर्षभराने चारदोन प्रती फिरत फिरत पेंटरच्या शेडवर परत यायच्या, तेलाचे, हळदीचे डाग घेऊन. एकीवर कोणीतरी लिहिलं होतं, 'कविता समजली नाही. पण ज्याने लिहिली त्याला नंतर बरं वाटलं असेल.' पेंटर म्हणाला, याच्यापुढे टीका नाय.

लिहिणाऱ्यांसाठी मात्र तिसरा नियम होता. पान स्वतःच्या हाताने लिहायचं. टाइप केलेलं तो घ्यायचा नाही.

"नाव लपवायचं, अक्षर नाय," तो म्हणायचा. "अक्षर पन लपवलं तर मग लिवलं कोनी?"

यात धोका आहे हे मला फार लवकर कळलं. एकदा ताप आला म्हणून दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरने गोळ्यांच्या पुडीवर लिहिलं, 'दोनदा, जेवणानंतर.' मी पुडी हातात घेतली आणि मला घाम फुटला. मागच्या अंकातल्या दोन पेटत्या प्रेमकविता याच अक्षरात होत्या. तेच झोके घेणारे वेलांटीचे फास. सिस्टरने माझ्या पिशवीतून डोकावणारा अंक पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. ती हसली नाही. मीही नाही. दोघांनी एकमेकांना पकडलं होतं. त्यानंतर मला कितीही ताप आला तरी मी दुसऱ्या दवाखान्यात जातो.

आता माझं अक्षर. आम्ही राहतो मनवेलपाड्यात, चार मजली इमारतीत, चोवीस बिऱ्हाडं. मी मराठीचा मास्तर म्हणून सोसायटीचा फळा माझ्याकडे. 'उद्या टाकी धुणार, पाणी येणार नाही.' 'कृपया गॅलरीतून केस टाकू नयेत.' माझा ळ जरा आडवा पडतो, उशीवर झोपल्यासारखा. बायको म्हणते, तुमचं सगळंच असं. थोडक्यात, माझं अक्षर चोवीस घरांना पाठ होतं. असं अक्षर असलेल्या माणसाने गुप्त साहित्य लिहू नये एवढी अक्कल मला हवी होती.

पण मी लिहिलं. कारण खांब.

पार्किंगमधल्या सात नंबरच्या खांबाला तडा गेला होता. जमिनीपासून माझ्या खांद्यापर्यंत. सगळ्यांना दिसत होता आणि कोणीच बोलत नव्हतं. त्याचं कारण तुम्हाला सांगायला हवं. आमच्या इमारतीचे कागद धड नव्हते. ज्या शेठने ती बांधली, त्याचा शब्द सगळ्या पाड्यात चालायचा. तक्रार करावी तर पालिका इमारत खाली करायला सांगेल, म्हणजे घर जाईल. न करावी तर घर अंगावर येईल. अशा वेळी लोक खांबाजवळ स्कूटर लावणं बंद करतात. आम्ही तेच केलं. मी अंथरुणावर पडलो की आमच्यावर किती मजले आहेत ते मोजायचो. एक होता. मग खालचे मोजायचो. तेही बरे वाटायचे नाहीत.

हे मी पेंटरला सांगितलं. त्याने उत्तर द्यायच्या ऐवजी मला कळंबकडच्या एका रिसॉर्टवर नेलं. गिऱ्हाईक नसलेले दिवस, पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी कोरडा केलेला, वॉचमन पेंटरच्या गावचा. निळ्या फरशीचा तो मोठा खड्डा पाहूनच मी छत्री चाचपली. पेंटर त्यात उतरायचा, समोरची भिंत चढायचा, काठाशी क्षणभर आडवा दिसायचा आणि परत यायचा. मग त्याने मला बोर्डावर उभं केलं.

"पेंटर, मला भीती वाटतेय."

"मंग? मला काय वाटत नाय? रोज वाटते. वाटली नसती तर कवाच मेलो असतो." त्याने माझी मूठ त्याच्या शर्टावरून सोडवली. "भीती पायांत राहू दे, मास्तर. पायांना ती लागते. हातांत आली की मानूस कायतरी पकडतो, आनि ज्याला पकडतो त्याला घेऊन पडतो."

मी पुढच्याच क्षणाला त्याची दाढी पकडली आणि दोघंही तलावात गेलो. माझी पँट मागून फाटली. त्याचं मनगट दुखावलं. वॉचमनने वरून विचारलं, "पानी सोडू काय?"

त्या संध्याकाळी, बहुधा पडल्याच्या भरात, मी पान लिहिलं. 'खांब क्रमांक सात यांस, सप्रेम नमस्कार.' त्यात खांबाची विचारपूस होती. तुमच्या खांद्यावर चोवीस संसार आहेत, तुमच्या अंगात लोखंड किती आणि वाळू किती, आणि तुम्हाला जन्म देणारे शेठ तुम्हाला कधी भेटायला येतात का, वगैरे. पेंटरने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पहिल्यांदाच मला 'अहो मास्तर' म्हणाला.

अंकाच्या झेरॉक्स काढायचं काम त्या खेपेला माझ्याकडे आलं, कारण पेंटरचं मनगट माझ्या कृपेने सुजलेलं होतं. पानं दहा. झेरॉक्सचं दुकान एका भाभींचं, शेठच्या ऑफिसच्या इमारतीत तळाला. तिथे का गेलो? कारण ते घराजवळ होतं. माणसाच्या नाशाची कारणं अशीच सोयीची असतात. पेंटरने तीनदा बजावलं होतं, "मूळ प्रत काचेवर ठेवून येऊ नको." मी म्हणालो, मी काय लहान आहे?

दुकानात फॉर्म भरणाऱ्यांची ही गर्दी. कोणी माझ्या प्रती वाचेल म्हणून मी स्वतःच मशीन झाकून उभा होतो, स्वतःच पानं लावत होतो, आणि भाभी ओरडत होत्या, "सर, जल्दी करो ना!" मी दहा गठ्ठे छातीशी धरून पळालो.

पेंटरच्या शेडमध्ये आम्ही पानं लावायला बसलो. त्याने मूळ पानं मोजली. पुन्हा मोजली.

"नऊ हायत."

मी गठ्ठा झाडला, पिशवी झाडली, शर्ट झाडला. न आलेलं पान कोणतं असणार हे दोघांनाही माहीत होतं. तसाच धावत दुकानात गेलो. भाभी शांतपणे म्हणाल्या, "एक पेपर था तो. ऊपर शेठ के ऑफिसवाले अपना झेरॉक्स निकालने आए थे, उनके साथ चला गया शायद. कुछ जरूरी था क्या?"

"नाही," मी म्हणालो. "कवितेसारखं होतं."

मी परत येऊन पेंटरला सांगितलं. तो चिडला नाही. "बरं," एवढंच म्हणाला आणि माझ्या पानाची एक झेरॉक्स प्रत घडी करून त्याने खिशात ठेवली. का, ते मी विचारलं नाही. मला घरी जाऊन दाराला कडी लावायची होती.

दोन दिवस काही झालं नाही. काही न होणं इतकं वाईट असतं हे मला माहीत नव्हतं. कुकरची शिट्टी झाली तरी मी उभा राहायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची पिशवी घेऊन वर चाललो होतो, तर खाली सोसायटीच्या फळ्यासमोर दोन माणसं उभी. एकाच्या हातात माझं पान. दुसरा मोबाइलने फळ्याचा फोटो काढत होता. फळ्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'नळ बंद करून जावे.' आडवे झोपलेले ळ.

"अक्षर मस्त आहे," पानवाला म्हणाला. माझ्याकडे वळला. "काका, बोर्ड कोण लिहितं तुमचा?"

इथे मी थांबून एक गोष्ट सांगू शकतो, की माझं डोकं सुन्न झालं, तोंडातून काय गेलं ते कळलं नाही. पण ते खोटं ठरेल. मला कळलं होतं. माझी भीती पायांतून वर चढली, हातांत आली, दुधाची पिशवी मुठीत फुटायला आली, आणि जो पहिला माणूस आठवला त्याला मी पकडलं.

"पेंटरकडून लिहून घेतो आम्ही," मी म्हणालो. "तो फळीवाला पेंटर."

ते गेले. मी तिथेच उभा राहिलो. मग शेडकडे निघालो, त्याला सावध करायला, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते मोटरसायकलवर होते आणि मी मी होतो. पोचलो तेव्हा ते आधीच दारात उभे होते. मी समोरच्या बंद टपरीच्या आड राहिलो. तिथून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. लपण्याच्या जागा मला नेहमी चांगल्या मिळतात.

"हे तू लिहिलंस?"

पेंटरने पान पाहिलं. मोबाइलमधला फोटो पाहिला. मग शेडच्या दारावर खडूने लिहायला लागला. 'खांब क्रमांक सात यांस, सप्रेम नमस्कार.' माझं अक्षर. माझा र, माझी मात्रा. पुढे त्याने 'कळावे' लिहिलं आणि ळ आडवा पाडला. मी इतक्या लांबून पाहत होतो, तरी मला क्षणभर वाटलं की दारावर मीच लिहितोय.

"मंग, कोनी लिवलं असंल?" पेंटर म्हणाला.

त्यांनी रंगाचे डबे ओतले. 'त्वरित मिळेल' पायरीला तिरका लावला आणि एकाने त्यावर उडी मारली. बोर्ड मधोमध मोडला. मग तीच पायरी आणि पेंटरचा गुडघा. तो आवाज मी सांगणार नाही. पडता पडता त्याने मला पाहिलं, टपरीच्या फटीतून, सरळ डोळ्यांत. त्याने हाक मारली असती तर मी गेलो असतो का? त्याने मारली नाही, त्यामुळे मला हे कधी कळणार नाही, आणि ही सोयसुद्धा त्यानेच मला करून दिली. ते गेल्यावर मात्र मी धावलो. रिक्षा मी आणली, एवढं माझ्या खात्यावर लिहा.

पुढचा भाग विनोदी आहे. फळा पेंटर लिहितो असं मी सांगून बसलो होतो, आणि आता पेंटर हॉस्पिटलात. मला कोणी हातात खडू घेतलेलं पाहू नये म्हणून मी मनगटाला क्रेप बँडेज बांधलं. मुरगळलंय म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी घाईत बँडेज डाव्या हाताला बांधलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात म्हणाल्या, "अगंबाई, दुखणं सरकलं का?" घरी बायकोने बँडेज सोडलं, नीट गुंडाळून कपाटात ठेवलं आणि म्हणाली, "ते पान तुम्ही लिहिलं होतं, हे ती माणसं फळ्यापाशी आली त्याच दिवशी मला कळलं. मला वाटलं, आज ना उद्या सांगाल." एवढं बोलून ती कुकर लावायला गेली.

सहा दिवसांनी मी हॉस्पिटलात गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. पेंटरचा पाय वर टांगलेला.

"पेंटर, त्यांना तुमचं नाव मीच..."

"म्हाईत हाय." त्याने उशीखालून घडी केलेला कागद काढला. माझ्या पानाची तीच झेरॉक्स. मागच्या बाजूला ओळीच्या ओळी: ळ, ळ, ळ, ळ. "तुझा ळ लई लबाड. तीन दिस गिरवत होतो तेव्हा कुठं झोपला."

म्हणजे मी त्याचं नाव घेण्याच्या आधीच, नऊ पानं मोजली त्याच दिवशी, त्याने ठरवलं होतं.

"बरं केलंस सांगितलंस ते," तो म्हणाला. "नायतर मला सोताहून त्यांच्या हापिसात जावं लागलं असतं. चौथा माळा. जिन्यात त्यांनी पेट्या भरून ठेवल्यात. लिफ्टनं जावं लागलं असतं."

आणि तो हसला, दोन दातांच्या फटीतून. मी हसू शकलो नाही. निघताना त्याने हाक मारली. "मास्तर, घाबर. घाबरायला कोन नको म्हनतो? पन अक्षर बदलू नको."

गुडघा नीट बसला नाही. पेंटरने शेड सोडली आणि पालघरच्या पलीकडे बहिणीकडे राहायला गेला. ती मला फोनवर सांगते, अंगणात फळीवर बसतो, हातांनी ढकलत फिरतो, कोंबड्या घाबरतात. अंक बंद पडला. शेठने सात नंबरच्या खांबाला गिलावा करून वर पिवळा रंग दिला, आणि सोसायटीने त्याचे आभार मानले. आभाराचा मजकूर फळ्यावर मीच लिहिला, मोठमोठ्या ठोकळ्या अक्षरांत, एकही ळ येणार नाही असा बेतून. तेव्हापासून मी तसंच लिहितो. शाळेतली पोरं म्हणतात, सरांचं अक्षर छापल्यासारखं आहे. त्यांना ती स्तुती वाटते.

यंदा पिवळ्या रंगातून तडा पुन्हा वर आला. आधी केसाएवढा. परवा बायको खाली गेली, तिने केसातली पिन काढून तड्यात घातली आणि पिन पूर्ण आत गेली. परत आलीच नाही. ती वर येऊन म्हणाली, "आता?"

शेडमधून त्या दिवशी मी मोडक्या बोर्डाचा एक तुकडा उचलला होता, 'मिळेल' लिहिलेला. तो मांडीवर घेतला आणि त्यावर कागद ठेवून लिहायला बसलो. जुनं अक्षर हाताला येईना. पाच कागद गेले. सहाव्यावर ळ आडवा झाला. खांबाला पुन्हा पत्र लिहिलं, पण या वेळी पिनेची गोष्ट घातली, आधीचं पत्र कोणी लिहिलं होतं तेही घातलं, आणि टपरीमागे कोण उभं होतं तेही. खाली नाव घातलं. फ्लॅट नंबरसकट.

आज सकाळी भाभींच्या दुकानात गेलो. दुकान तिथेच आहे, वर ऑफिसही तिथेच. चोवीस प्रती काढल्या, घरटी एक, आणि पंचविसावी पेंटरसाठी. मशीनचं झाकण लावलं. प्रती घेतल्या आणि निघालो. पाय इतके लटपटत होते की पायरी दोनदा चुकली. पण दाराची चौकट धरली नाही.

"सर! ओ सर!" मागून भाभींनी हाक मारली. "ओरिजिनल रह गया काच पे!"

मी वळलो. जिन्याशी शेठच्या ऑफिसातला माणूस हातात कागद घेऊन उभा होता, आपला नंबर यायची वाट बघत.

"राहू द्या, भाभी," मी म्हणालो. "ज्यांचं आहे, ते घेऊन जातील."